मिलो, मका आणि चुन्यातली भाकरी



गेल्या रविवारी रात्री आमच्या घरी मेक्सिकोची भाकरी झाली. टॉर्टिया म्हणतात तिला. या पानावर मी एरवी कांद्याचा करपा, मुरघास, पाण्याच्या पाळ्या असलं लिहितो. आज जेवणावर लिहितोय. पण ते फिरून शेतावरच येतं, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

निमित्त नातीचं. तिसरीत आहे. मोबाईलवर कुणीतरी पातळ भाकरीत उसळ गुंडाळून खाताना बघितलं आणि हट्ट धरला. सूनबाई म्हणाली, तालुक्याला पाकीट मिळतं, पण त्यात मैदा असतो. मी म्हणलं, पाकीट कशाला? घरात दोन पोती मका पडलीय. २०२५-२६ ला हमीभाव २४०० रुपये जाहीर होता, पण माझ्या मक्याला बाजारात त्याच्या बराच खालचा भाव निघाला. म्हणून शेवटची दोन पोती गाईच्या भरड्याला घरी ठेवली होती.

हे बोलणं ओसरीवर बसलेल्या आईनं ऐकलं. ऐंशी पार आहे ती. म्हणाली, "मका? ती गुरांची. बहात्तरला खाल्लं तेवढं बास झालं. मी नाय खायची."

खरं बघितलं तर बहात्तरला तिनं खाल्ला तो मिलो, मका नव्हे. पण तिच्या लेखी दोन्ही एकच. बोटीतून आलेलं, रेशनवर मिळालेलं, गुरांचं खाणं. मी वाद घातला नाही. पण रात्री झोप येईना. म्हणलं, नक्की काय आलं होतं, कुठून आलं होतं, आणि आपण आज मका पेरतो ती कुठली? वाचत गेलो, विद्यापीठातल्या ओळखीच्या साहेबांना विचारत गेलो. ते सगळं इथं मांडतोय.

बहात्तर साल

आमचा पारनेर तालुका पर्जन्यछायेतला. पाऊस सह्याद्रीवर पडतो, आमच्याकडं नुसते ढग येतात. नगर, पाथर्डी, कर्जत, जामखेड, श्रीगोंदा, सगळ्यांची तीच गत. १९७० आणि ७१ ची सालं आधीच ओढाताणीची गेली होती, ७२ ला पाऊस फिरकलाच नाही. मी तेव्हा वर्षाचा होतो. आई मला झोळीत बांधून पाझर तलावाच्या कामावर जायची. बाया माती वाहायच्या, खडी फोडायच्या. आमच्या भागातले कितीतरी पाझर तलाव, नालाबांध आणि रस्ते त्या वर्षाचे आहेत. याच कामांच्या अनुभवातून पुढं वि. स. पागे यांनी आग्रहानं मांडलेली रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा कायदा १९७७ ला झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला आणि २००५ ला देशाचा कायदा झाला. त्याचं मूळ आपल्या दुष्काळात आहे, हे पोरांना सांगायला पाहिजे.

कामावर सुकडी मिळायची आणि रेशनवर मिलो. आई सांगते, लाल दाणा, पीठ तांबडं, भाकरी थापताना कडा फुटायच्या, आणि कशीही भाजली तरी तोंडात फिरायची. मालदांडीची पांढरीशुभ्र भाकरी खाल्लेल्या माणसाला ते जड गेलं. त्याच साली आमची बैलजोडी विकली. चारा नव्हता. मातीमोलानं गेली. आई आजही एकच वाक्य म्हणते, "बैलं गेली आणि बैलाचं खाणं आमच्या ताटात आलं."

आता मिलो म्हणजे काय? तर तीही ज्वारीच. अमेरिकेत कोरडवाहू पट्ट्यात पिकते, दाण्याच्या सालीत रंग असतो म्हणून लाल दिसते. तिकडं ती जास्त करून कोंबड्या, डुकरं, गुरं यांच्या खाद्यासाठी लावतात. म्हणजे आईचं बोलणं खोटं नाही. पण ज्वारीचं मूळ घर आफ्रिका. तिथून हजारो वर्षांपूर्वी ती आपल्याकडं आली आणि अमेरिकेत गेली ती अलीकडच्या काही शतकांत. मिलो ही आपल्या मालदांडीची चुलत बहीणच. आपल्याकडं निवड झाली ती भाकरीसाठी आणि कडब्यासाठी, तिकडं झाली मशीनच्या काढणीसाठी. म्हणून आपला धाट माणसाच्या वर जातो आणि त्यांचा कमरेला येतो. धान्य तेच, पण कुणासाठी निवडलं यावर त्याची चव ठरते.

मिलोनं लोक जगले, हेही तितकंच खरं. मी त्यातलाच एक.

मका आली, चुना मागं राहिला

मका मात्र पूर्ण अमेरिकेची. साधारण ९००० वर्षांपूर्वी दक्षिण मेक्सिकोत तेओसिंते नावाच्या रानगवतापासून तिथल्या लोकांनी ती घडवली. तेओसिंतेचं कणीस बोटाएवढंही नसतं, दाणे मोजके आणि दगडासारख्या कवचात. त्यातून आजचं कणीस काढलं ते शेतकऱ्यांनी, पिढ्यानपिढ्या बी निवडून. तेव्हा ना विद्यापीठ होतं ना कंपनी. १४९२ नंतर ती युरोपात गेली आणि पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर आपल्याकडं आली. मक्केकडून आली म्हणून मका, असं नावाबद्दल सांगतात. आली ती मात्र त्याहून फार लांबून.

सातपुड्यात, खानदेशात आदिवासी बांधवांनी मका भाकरीला घेतली. आपल्या नगरकडं ती कणीस भाजून खाण्यापुरती आणि वैरणीपुरती राहिली. आज आमच्या गावात मका दिसते ती मुरघासाला, कोंबडीखाद्याला आणि आता इथेनॉलला.

यातली एक गोष्ट मला फार विचार करायला लावणारी वाटली. मका जगभर गेली, पण ती खायची रीत तिच्याबरोबर गेली नाही.

मेक्सिकोत भाकरीची मका नुसती दळत नाहीत. चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तशीच ठेवतात, सकाळी चोळून धुतात आणि मग ओलीच वाटतात. याला ते निक्स्तमल म्हणतात. त्यांच्या जुन्या नाहुआत्ल भाषेतला शब्द, त्यात राखेचा अर्थ आहे. कारण चुना नसेल तिथं लाकडाची राख वापरत. वाटायला मेताते म्हणजे आपला पाटा-वरवंटाच, फक्त पायांवर उभा. भाजायला कोमाल म्हणजे आपली खापरी. आणि ती भाकरी म्हणजे तलाश्काली. स्पॅनिश लोक आले, त्यांनी तिला त्यांच्या भाषेत टॉर्टिया केलं.

चुना घालायचा तो कशाला? एक, दाण्याची साल सुटते. दोन, सालीतला चिकटपणा मोकळा होतो, म्हणून गव्हासारखा चिवटपणा नसतानाही पातळ भाकरी थापता येते. तीन, मक्यात नियासिन नावाचं जीवनसत्त्व असतं पण ते बांधलेलं असतं, पोटाला लागत नाही. चुना ते मोकळं करतो. शिवाय कॅल्शियम मिळतं.

युरोपनं दाणा नेला, चुना मागं राहिला. मग इटलीत, पुढं अमेरिकेच्या दक्षिण भागात, मक्यावरच जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा नावाचा रोग पसरला. कातडी भाजल्यासारखी काळी पडते, जुलाब लागतात, शेवटी डोकं भ्रमतं. लोकांना वाटायचं हा साथीचा रोग आहे. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१० च्या दशकात दाखवून दिलं की दोष जेवणाचा आहे. नियासिनचा उलगडा व्हायला १९३७ साल उजाडलं. तोवर हजारो माणसं मेली. आणि त्याच वेळी मेक्सिकोतल्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या बाया रोज सकाळी मका चुन्यात घालत होत्या.

आपण हसायचं कारण नाही. पेलाग्रा आपल्या दख्खनमध्येही होता, आणि तो ज्वारी खाणाऱ्यांत होता. हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेत डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० च्या सुमारास त्यावर काम केलं. ज्वारीतलं ल्युसिनचं जादा प्रमाण हे कारण त्यांनी मांडलं. त्यावर पुढं शास्त्रज्ञांत मतभेद झाले, तो विषय माझ्या दहावीच्या पलीकडचा. पण एवढं कळलं की रोग व्हायचा तो नुसती भाकरी आणि मीठ-मिरची खाऊन राबणाऱ्या मजुराला. भाकरीबरोबर डाळ, शेंगदाणा, दूध, पालेभाजी असेल त्याला नाही. पिठलं-भाकरी हे नुसतं चवीचं जोडपं नाही, त्यात शहाणपण आहे.

वर्ध्याचा माणूस मेक्सिकोत

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. हे नाव मी दहावीपर्यंत कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

वर्ध्याचा हा माणूस इंग्रजांना घालवायचं डोक्यात घेऊन तरुणपणी देश सोडून गेला. जपानमार्गे अमेरिकेत पोचला. तिथं शेतीशास्त्र शिकला आणि गदर चळवळीच्या उभारणीत पुढं होता. पहिल्या महायुद्धात इराणच्या बाजूला जाऊन इंग्रजांशी प्रत्यक्ष लढला. मायदेशी परतायचे रस्ते बंद झाले, तेव्हा १९२४ साली मेक्सिकोत गेला. तिथल्या चापिंगो इथल्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाला आणि मका, गहू यांच्या सुधारित वाणांवर काम केलं. मका आणि तेओसिंते यांच्या संकरावरही त्यांचं काम आहे. म्हणजे ज्या देशानं मका घडवली, त्या देशात मका सुधारायला एक मराठी माणूस!

त्यांची मला सगळ्यात भावलेली गोष्ट वेगळीच आहे. मेक्सिकोत क्रांती होऊन गेली होती, जमीनदारांच्या जमिनी गरिबांना वाटल्या जात होत्या. पण नुसती जमीन मिळून भागत नाही, हे आपल्यालाही माहीत आहे. खानखोजे यांनी तिथं शेतकऱ्यांसाठी मोफत कृषी शाळा चालवल्या. बी कसं निवडायचं, जमीन कशी राखायची, हे शेतकऱ्याच्या गावात जाऊन शिकवायचं. दिएगो रिवेरा हा तिथला फार मोठा चित्रकार. त्यानं मेक्सिकोच्या शिक्षण खात्याच्या इमारतीच्या भिंतीवर 'आमची भाकरी' अशा अर्थाचं चित्र काढलं. त्यात टेबलाच्या टोकाला बसून सगळ्यांसाठी भाकरी मोडणारा माणूस आहे, तो खानखोजे. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले आणि १९६७ साली नागपुरात वारले. २०२२ साली चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा बसला.

आणि आता जोड बघा. याच चापिंगोत १९४४ साली नॉर्मन बोरलॉग गव्हाच्या कामाला आले. त्यांच्या बुटक्या, तांबेरा सोसणाऱ्या गव्हाचं १८००० टन बियाणं भारतानं १९६६ साली मेक्सिकोहून आणलं. सोनोरा ६४, लेर्मा रोहो. मेक्सिकोच्याच गव्हातून पुढं कल्याण सोना, सोनालिका. जुन्या लोकांना ही नावं पाठ असतील. त्याआधी आपण अमेरिकेच्या पीएल ४८० च्या गव्हावर, बोट कधी लागते याची वाट बघत होतो. आमच्या गावात तोवर पोळी सणाला व्हायची. आज रोज होते आणि भाकरी पाहुण्यासाठी खास करतात. आईच्या ताटात मिलो अमेरिकेतून आला, माझ्या ताटातली पोळी मेक्सिकोतून आली. फरक एवढाच की मिलो पोत्यातून आला आणि संपला, गहू बियाण्यातून आला आणि आपला झाला.

रविवारची रात्र

पहिला प्रयोग फसला. मका गिरणीतून दळून आणली आणि उकळत्या पाण्यात उकड काढून ज्वारीसारखी थापली. कडा फुटल्या, गुंडाळायला गेलं की तुकडे. आई लांबून बघून हसली.

दुसऱ्यांदा चुन्यात घातली. माप सांगतो. एक किलो मका, तीन लिटर पाणी, दहा ग्रॅम खायचा चुना. पानाला लावतात तो चालतो, पण ओला असतो म्हणून थोडा जास्त घ्या. भिंतीचा चुना अजिबात नको. भांडं स्टीलचं घ्या, ॲल्युमिनियमचं चुन्यानं खराब होतं. पाऊण तास उकळली, रात्रभर झाकून ठेवली. सकाळी पाणी पिवळंजर्द झालं होतं. तीन पाण्यांनी चोळून धुतली, साली निघून गेल्या. मिक्सरला कमीत कमी पाणी घालून काढली आणि मंडळींनी पाट्यावर दोन हात फिरवून मऊ केली. दुधाची पिशवी कापून तिच्या दोन पदरांत गोळा ठेवला, वरून पाट दाबला. तव्यावर टाकली आणि चक्क फुगली. भाजली की कापडात गुंडाळून ठेवायची, म्हणजे वाकते.

एक इशारा. बियाण्याची मका चुकूनही खाऊ नका, तिला औषध लावलेलं असतं. आणि बुरशी आलेली, काळी पडलेली मका ना माणसाला ना गुराला.

आत भरायला वाघ्या घेवड्याची उसळ केली. टोमॅटो, लाल मिरची, शेंगदाण्याचं कूट. वरून कांदा, लिंबू, घट्ट दही. ताट वाढल्यावर नातीला म्हणलं, यातलं आपलं काय सांग. घेवडा अमेरिकेचा. टोमॅटो तिकडचाच, त्याचं नावही नाहुआत्ल भाषेतलं. मिरची तिकडची. भुईमूग दक्षिण अमेरिकेचा. मका तर आहेच. पाचशे-सहाशे वर्षांपूर्वी यातलं काहीच आपल्या शिवारात नव्हतं. आणि आज मिरचीशिवाय नगरी जेवण सांगा बरं मला! ती विचारते, मग आपलं काय? म्हणलं, मूग आपला, वांगं आपलं, हुलगा आपला. आणि जे आपण पिढ्यानपिढ्या निवडलं, जपलं, ते सगळं आपलंच.

थंडी होती, चुलीपुढंच बसलो. गरम भाकरी, उसळ, ठेचा. पोटात बरं वाटलं. आईसाठी ज्वारीची भाकरी वेगळी केली होती. ती ताटाला हात लावायच्या आधी म्हणाली, "गुरांना घातली का आधी?"

म्हणलं, घातली. चार भाकरी गाईला दिल्यात.

मग ती म्हणाली, "बघू दे मला येक." हातात घेतली, उलटीपालटी केली, वास घेतला. "तंबाखूच्या डबीचा वास येतोय." नात खो खो हसली. आईनं ती दुधात कुस्करली आणि खाल्ली. चांगली-वाईट काही बोलली नाही. ताट धुताना एवढंच म्हणाली, "लाल नव्हती ही."

राहिलेलं एक एकर

आता शेतीचं. माझ्याकडं एक एकर ज्वारी राहिलीय, बाकी कांदा आणि मका. पोरगा दोन वर्षांपासून म्हणतोय, तेही मक्याला द्या. त्याचा हिशेब चुकीचा नाही. मका तीन-साडेतीन महिन्यांत निघते, मुरघासाला उभी विकता येते. ज्वारीला उपटायला माणूस मिळत नाही, पाखरं राखायला पोरं नाहीत, आणि यंदा सप्टेंबरच्या पावसानं वापसाच न आल्यानं पेरणी लांबली.

माझाही हिशेब ऐका. मालदांडी ज्वारीचा हमीभाव २०२५-२६ ला ३७४९ होता, मक्याचा २४००. मका पाणी मागते, खत मागते, आणि २०१८ पासून अमेरिकन लष्करी अळी आलीय, तिच्या फवारण्या वेगळ्या. ज्वारी जमिनीतल्या ओलीवर येते, आणि कडबा दुभत्या जनावराला हमखास लागतो. मजुरी धरली तर दोन्ही पिकं जवळजवळ येतात. पण मुख्य गोष्ट पैशाची नाही. आमच्या घरात बहात्तर साली दाणा आणि चारा दोन्ही एकदम संपले होते. ज्या एका पिकातून माणसाची भाकरी आणि जनावराची पेंढी दोन्ही निघतात, ते पूर्ण सोडायचं धाडस मला होत नाही.

तडजोड झाली. पुढच्या रब्बीला वीस गुंठे मुरमाड रानात फुले अनुराधा, ती हलक्या जमिनीला चालते. वीस गुंठे चांगल्या रानात आमची घरची मालदांडी, बी मडक्यात राखेत ठेवलंय ते. उरलेली जमीन पोराच्या मनाप्रमाणं. आणि खरिपात चार ओळी पांढऱ्या मक्याच्या टाकायच्यात, कारण टॉर्टियाला मेक्सिकोत पांढरी मकाच जास्त वापरतात. चांगलं पांढरं बी कुणाकडं असेल तर सांगा.

बहात्तरला मिलो खाल्लेलं कुणी तुमच्या घरात असेल तर त्यांच्याजवळ बसा आणि विचारा. भाकरी कशी लागायची, जनावरं किती गेली, कुठल्या तलावावर काम केलं. ही माणसं आता थोडी राहिलीत.

राम राम.